डेंटल इम्प्लांट: १८ हजार आणि ४५ हजार, फरक कशाचा?

तुमच्या आईची खालची दाढ काढली, एका दवाखान्यात इम्प्लांटचे, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचे, १८ हजार सांगितले, दुसरीकडे ४५ हजार, आणि तुम्ही विचारताय की स्वस्तातलं केलं तर बिघडलं कुठे. मी डॉक्टर नाही. सांगलीत डेंटल लॅब चालवतो, म्हणजे तोंडात शेवटी जी कॅप बसते ती आमच्या टेबलावर तयार होते. याच प्रश्नावरून आमच्या दाजींचं आणि माझं एकदा चांगलंच वाजलं होतं, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

दाजींच्या खालच्या दोन दाढा गेल्या होत्या. मी म्हटलं, अमुक मॅडमकडे करा, त्यांचं काम मी रोज बघतो. दाजी म्हणाले, "तू तुझ्या गिऱ्हाइकाचंच नाव सांगणार. तुझं कमिशन किती?" लॅबवाल्याला डॉक्टर कमिशन देत नाहीत, उलट बिलासाठी आम्हीच खेटे घालतो, पण ते कुणाला पटायचं! पॅकेजची जाहिरात बघून दाजी दुसऱ्या शहरात गेले आणि दोन इम्प्लांट करून आले. काही वर्षं उत्तम चाललं. दिवाळीला मुद्दाम माझ्यासमोर बसून कडक चकली मोडायचे आणि बहिणीला म्हणायचे, "बघ, पॅकेजवाली दाढ!"

मग एक कॅप हलायला लागली. त्या जागी गेले तर दवाखाना बंद, तिथे मोबाइलचं दुकान. दाजी निमूट माझ्याकडे आले. मी विचारलं, फाइल कुठाय? रेक्झिनच्या पिशवीतून त्यांनी एक पावती काढली. त्यावर हाताने लिहिलेलं, "इम्प्लांट २ नग". कंपनी नाही, साइज नाही, काही नाही. २ नग!

कॅप हलणं हे बहुतेक वेळा मोठं दुखणं नसतंच. हाडात फिक्श्चर असतं, म्हणजे आट्या असलेला टायटॅनियमचा तुकडा, त्यावर स्क्रूने अबटमेंट, म्हणजे कॅप धरून ठेवणारा खुंटा, आवळलेला असतो, आणि त्यावर कॅप. आतला स्क्रू ढिला झाला असेल तर तो पुन्हा आवळला की झालं. पण त्याला ड्रायव्हर बरोबर त्याच मापाचा लागतो. कुठल्या सिस्टिमला १.२०, कुठे १.२५, कुठे १.२७ मिलिमीटर. नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. सैल ड्रायव्हर घालून जोर लावला की स्क्रूच्या डोक्यातले कोपरे घासले जातात, मग तो कुणाच्या बापाच्याने निघत नाही. मॅडमनी एक्स-रे काढला आणि आम्ही दोघं फिक्श्चरच्या आट्यांची ठेवण बघून कंपनी ओळखत बसलो. गाडीचं मॉडेल माहीत नसताना स्पेअर पार्ट मागायला गेल्यासारखं. स्क्रू शेवटी निघाला, अबटमेंट मात्र बाजारात मिळेना. वेगळं मशीनवर कोरून घ्यावं लागलं, कॅप नवीन. पॅकेजमध्ये वाचवलेले पैसे त्यात गेले, वर थोडे अंगावर आले.

आता दाजी लग्नाकार्यात सगळ्यांना सांगत फिरतात की इम्प्लांट म्हणजे लुबाडणूक. हे साफ खोटं. हाडातलं फिक्श्चर तेव्हाही घट्ट होतं, आजही आहे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या प्रोफेसरांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे दाखवलं आणि १९६५ साली गोटेनबर्गला पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले. त्या माणसाने ते २००६ मध्ये जाईपर्यंत वापरले. दाजींकडे नव्हता तो एक स्टिकर.

इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असलेले स्टिकर असतात. एक डॉक्टरांच्या फाइलला, एक आपल्याला. मागून घ्या, फोटो काढून मुलाबाळांच्या मोबाइलमध्ये ठेवा. जो डॉक्टर "कशाला हवंय?" म्हणेल, तिथून उठा. कंपनी स्वस्त असली तरी माझी हरकत नाही. ओस्टेमसारख्या कोरियन कंपन्यांचं काम आमच्याकडे रोज येतं आणि छान चालतं. स्ट्रॉमन किंवा नोबेल बायोकेअरच घ्या असा माझा आग्रह नाही. दहा वर्षांनी पार्ट मिळाला पाहिजे, एवढंच. आणि १८ हजारांत कॅप धरलीय का ते आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी तो आकडा फक्त हाडातल्या तुकड्याचा असतो.

लॅबवाला म्हणून आणखी एक. जमत असेल तिथे कॅप स्क्रूवाली मागा, सिमेंटने चिकटवलेली नको. वर छोटं भोक राहतं, ते दाताच्या रंगाच्या फिलिंगने बुजवतात, उद्या काही झालं तर उघडता येतं. सिमेंट हिरडीखाली उतरून राहिलं तर हिरडी सुजत राहते आणि कारण सापडत नाही. काही डॉक्टरांना हे पटत नाही, त्यांची त्यांची कारणं आहेत.

"तीन दिवसांत दात" असं सांगत असतील तर काही केसेसमध्ये ते खरंच होतं, पण मागची एकच दाढ असताना घाई कशाची? हाडाने इम्प्लांट नीट धरेपर्यंत खालच्या जबड्यात साधारण तीन महिने थांबतात, वरचं हाड पोकळसर म्हणून जास्त. खाली जबड्यातून नस जाते, तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते, म्हणून सीबीसीटी स्कॅनला, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी एक्स-रेला, नको म्हणू नका.

मिश्री, तंबाखू चालू असेल तर खर्च करण्याआधी दहा वेळा विचार करा. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतालची हिरडी आणि हाड खराब होतं, तेही न दुखता. दाजी अजून मळतात. त्यांना सांगून मी थकलो.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: आईला शुगर असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, बघूनच तारीख घ्या. हाडं ठिसूळ म्हणून अ‍ॅलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन चालू असेल, आधी कधी घेतलं असेल, तरी डेंटिस्टला स्वतःहून सांगा. त्यात जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. रक्त पातळ करायची गोळी मनानेच बंद करायची नाही, ती देणाऱ्या डॉक्टरला विचारायचं. मेडिक्लेममध्ये हा खर्च सहसा बसत नाही, ती आशा नको.

आणि काढलेली दाढ नक्की कुठली ते तुम्ही लिहिलेलंच नाही. अक्कलदाढ असेल तर १८ही नकोत आणि ४५ही नकोत.