नवीन कंपायलरवर जुना सी प्रोग्राम मोडला, तर जुनाच कंपायलर ठेवून द्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: मालवणातल्या एका बर्फाच्या कारखान्यात कोणत्या ट्रॉलरने किती लाद्या उचलल्या आणि उधारी किती राहिली, याचा हिशोब सी भाषेतला एक जुना प्रोग्राम ठेवतो. डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीवर तो बिनतक्रार कंपाइल होत असे, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम तयार होत असे, पण डेबियन १३ वर ‘स्ट्रपटाइम’ या फंक्शनपाशी एरर येऊन काम थांबते. कंपायलर लिहिणारे चालता कोड का मोडतात आणि जुना कंपायलर जपून ठेवावा का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी वेंगुर्ल्यात राहून जीसीसी या मुक्त कंपायलरच्या कामात थोडाफार हातभार लावतो, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकेन.

आधी नेमके काय घडले ते पाहू. डेबियन १२ मध्ये जीसीसी १२ होता, १३ मध्ये जीसीसी १४ आहे. २०२४ साली आलेल्या या आवृत्तीने सी भाषेतल्या काही जुन्या सवलती काढून घेतल्या, आणि आधी जाहीर न केलेले (म्हणजे ते काय घेते आणि काय परत करते हे न सांगितलेले) फंक्शन वापरणे ही त्यांतली एक. पूर्वी असे फंक्शन दिसले की कंपायलर ते ‘इंट’ (पूर्णांक) परत करते असे गृहीत धरून वॉर्निंग देई आणि पुढे जाई. सी भाषेच्या सी९९ या मानकाने, म्हणजे अधिकृत नियमावलीने, ही सवलत १९९९ सालीच रद्द केली होती, म्हणजे वॉर्निंगची एरर व्हायला पंचवीस वर्षे गेली. इतका अवधी देऊनही कोणाचा तरी कोड मोडणार हे ठाऊक होतेच, आणि म्हणूनच फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या मंडळींनी आधीपासून असंख्य पॅकेजेस तपासून मूळ प्रकल्पांकडे दुरुस्त्या पाठवल्या. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण माझ्या मते त्या संपूर्ण बदलातला सर्वांत मोलाचा भाग तोच होता.

ही सवलत धोक्याची का होती, ते तुमच्याच प्रोग्राममध्ये दिसते. स्ट्रपटाइम तारखेची अक्षरे वाचते आणि वाचन जिथे थांबले तिथला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत करते. ६४ बिटच्या यंत्रावर पॉइंटर ८ बाइटचा आणि ‘इंट’ ४ बाइटचा असतो, म्हणून फंक्शन जाहीर नसेल तर पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात त्या पॉइंटरची तुलना फक्त ‘नल’शी, म्हणजे शून्य पत्त्याशी, केली आहे, आणि उरलेला अर्धा भाग सहसा शून्य नसतो, म्हणून आजवर निभावले. उद्या कोणी त्याच पॉइंटरवरून तारखेपुढची लाद्यांची संख्या वाचायला गेला, तर ऐन हंगामात प्रोग्राम कोसळेल आणि दोष कुठे आहे हे शोधायला दिवस जातील.

दुरुस्ती एका ओळीची आहे, पण ती सहज सुचत नाही. कंपायलर ‘तुम्हाला स्ट्रफटाइम म्हणायचे आहे का’ असे सुचवतो. ते ऐकू नका, कारण ते फंक्शन नेमके उलटे काम करते. ‘टाइम’ची हेडर फाइल, म्हणजे ही फंक्शन्स जाहीर करणारी फाइल, तुम्ही जोडलेलीच आहे. अडचण अशी, की ग्लिबसी ही सीची मूळ फंक्शन्स पुरवणारी लायब्ररी स्ट्रपटाइमची घोषणा (डिक्लेरेशन) मागितल्याशिवाय दाखवत नाही. फाइलच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या इन्क्लूडच्याही आधी, ‘_जीएनयू_सोर्स’ हा मॅक्रो डिफाइन करा, म्हणजे एरर जाईल आणि पॉइंटरही अखंड मिळेल.

‘-एफपर्मिसिव्ह’ हा पर्याय दिल्यास जीसीसी १४ या एरर पुन्हा वॉर्निंगवर आणतो. आठवडाभर कारखान्याचा हिशोब अडू नये म्हणून तो जरूर वापरा, पण मेकफाइलमध्ये (प्रोग्राम बांधण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कायमचा लिहून ठेवू नका. जुना कंपायलर जपण्याबाबतही माझे मत तेच आहे, कारण प्रोग्राममधला दोष त्याने जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

आता आमच्या, म्हणजे कंपायलर लिहिणाऱ्यांच्या, बाजूचे. आवाज करून मोडणारा कोड आम्हाला तितका छळत नाही; खरी भीती गुपचूप मोडणाऱ्याची. याच बदलात त्याचे एक वाईट उदाहरण होते. अनेक प्रकल्पांची कॉन्फिगर स्क्रिप्ट एखादी सोय यंत्रावर आहे का हे पाहण्यासाठी छोटे चाचणी प्रोग्राम कंपाइल करते. अशा जुन्या चाचण्यांमध्ये ‘एक्झिट’ वापरलेले असते पण त्याची हेडर फाइल जोडलेली नसते. नव्या कंपायलरवर ती चाचणी एरर देते, आणि स्क्रिप्ट ‘ही सोय इथे नाही’ असा निष्कर्ष काढून शांतपणे पुढे जाते. बिल्ड यशस्वी होते, एकही एरर दिसत नाही, फक्त तयार झालेल्या प्रोग्राममधून एक सोय गायब असते. म्हणून मूळ सोर्समधून काहीही बांधत असाल, तर अपग्रेडच्या आधीची आणि नंतरची कॉन्फिगरची नोंद शेजारी ठेवून फरक पाहा.

‘कंपायलरमुळे मोडले’ अशी तक्रार आली की आम्ही प्रथम तो कोड सी-व्हाइजसारख्या साधनाने कापत कापत काही ओळींवर आणतो. मग त्या ओळी मानकाला धरून आहेत का ते पाहतो. असतील, तर दोष आमचा. गिट बायसेक्टने तो कोणत्या बदलात शिरला हे शोधायचे, दुरुस्त करायचे, आणि तोच छोटा तुकडा चाचणीसंचात कायमचा घालायचा. अशा दोषाला रिग्रेशन म्हणतात, आणि सर्वोच्च गटातले एकही रिग्रेशन शिल्लक असेपर्यंत नवी मुख्य आवृत्ती निघत नाही. शिवाय जीसीसी स्वतःला तीन टप्प्यांत बांधतो आणि दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यात तयार झालेल्या फाइली तंतोतंत जुळतात का ते पाहतो. लॅपटॉपवर या सगळ्याला कित्येक तास लागतात, आणि पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा भरवसा नसतो, म्हणून मी हे काम मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींसाठी मोफत चालवल्या जाणाऱ्या कंपाइल फार्मच्या दूरच्या यंत्रांवर सोपवतो.

तुमच्या प्रोग्रामला पुढची ठेच जीसीसी १५ वर लागेल. २०२५ साली आलेली ही आवृत्ती, वेगळे काही सांगितले नाही तर, सी२३ हे सी भाषेचे नवे मानक धरून चालते. ‘बूल’ आता भाषेचाच शब्द झाला आहे, त्यामुळे तुमच्या हेडर फाइलमधली, ‘बूल’ हे नाव स्वतः ठरवणारी ‘टाइपडेफ इंट बूल’ ही ओळ एरर देईल, आणि रिकाम्या कंसांनी जाहीर केलेल्या फंक्शनला काही पाठवता येणार नाही. ती टाइपडेफ काढून ‘एसटीडीबूल’ हेडर जोडा, रिकाम्या कंसांत खरे प्रकार लिहा, आणि हे आत्ताच करा. जीसीसी १४ वरही तो कोड तसाच चालेल. सगळे बदल एकदम न करता एकेक करून पाहा आणि प्रत्येक वेळी मागच्या महिन्याच्या उधारीची बेरीज जुन्या प्रोग्रामच्या बेरजेशी ताडून पाहा. ‘-डब्ल्यूऑल’ आणि ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ हे जास्त वॉर्निंग दाखवणारे पर्याय लावून जे उरेल ते इथेच विचारा, मात्र एररचा पूर्ण मजकूर आणि कंपायलरची आवृत्ती सोबत द्या.