नखं राहू द्या, आधी लघवी तपासा

ताई, तुम्ही तुमच्या मुलीबद्दल लिहिलंत ते वाचलं. तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं जन्मापासून अर्धीच, करंगळीकडची त्यातल्या त्यात बरी, कोपर पूर्ण सरळ होत नाही, आजोबांचे अंगठेही तसेच. आणि डॉक्टर म्हणतात बुरशी! अहो ताई, दोन्ही अंगठ्यांना जन्मतःच सारखी बुरशी कुठून येणार?

आमच्याकडे वडील, मी आणि मुलगा, तिघांनाही नेल-पटेला सिंड्रोम आहे, म्हणजे नखं, गुडघ्याच्या वाट्या आणि कोपरं यांचा आनुवंशिक आजार, जो मूत्रपिंडापर्यंतही पोचू शकतो. तुमच्याकडे तोच असेल असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. साधारण 50,000 माणसांत एखाद्याला होतो, म्हणून चटकन कुणाला सुचत नाही, हेही मान्य. पण आमच्या शहरातल्या एका नावाजलेल्या त्वचा क्लिनिकने मुलाला महिनोन्‌महिने बुरशीच्या गोळ्या दिल्या आणि नख खरवडून लॅबला एकदाही पाठवलं नाही. गोळी बदलायची, मलम बदलायचं. वर मलाच ऐकवलं, ‘नियमित लावत नसाल’. माझे अंगठे त्यांच्याच टेबलावर होते!

पैसे गेले त्याचं फार नाही. त्या सगळ्या काळात मूत्रपिंडाकडे कुणी पाहिलं नाही. पुढे गुडघ्याची वाटी सारखी सरकते म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर वाटी इवलीशी. कमरेच्या एक्स-रेत मागच्या बाजूला शिंगांसारखे दोन उंचवटे; ते दिसले की शंकेला जागा उरत नाही. लघवीतून प्रथिनं जात होती, म्हणजे मूत्रपिंडाला झळ लागलेली.

सगळ्यांनाच मूत्रपिंडाचा त्रास होतो असं नाही, घाबरू नका. पण दरवर्षी बीपी आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (प्रथिनं गळतात का ते त्यातून कळतं) तपासाच. मोठ्यांनी डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा, काचबिंदू लवकर येऊ शकतो. गुडघेदुखीवर मनाने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, मूत्रपिंडाला जड जातात. हा आजार ज्याच्यातल्या बिघाडामुळे होतो त्या एलएमएक्स1बी जनुकाची चाचणी होते, पण माझ्या मते आधी एक्स-रे, स्वस्तात पडतो. (नखं बारीक कापत जा, मोज्यात अडकून फार दुखतं.)

आणखी एक. आजोबा झाले, नात झाली, मधल्या पिढीचं तुम्ही लिहिलंच नाहीत. हा आजार सहसा पिढी गाळत नाही, कधी इतका सौम्य असतो की लक्षात येत नाही. आजोबा ज्यांचे वडील, त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर त्रिकोणी दिसते का बघा, आणि लघवी तिघांचीही द्या.