पगाराआधी मिळणारा पैसा: उचल की कर्ज?

तुम्ही विचारलंय की, झालेल्या कामाचे पैसे पगाराच्या तारखेआधी देणाऱ्या अ‍ॅपना कर्जाचे नियम कशासाठी लावायचे. पैसा तर कामगाराचाच आहे ना? मी बरीच वर्षं पगारपत्रकं तयार करण्याचं काम केलंय, म्हणून उत्तर देतो.

पैसा कामगाराचा आहे हे खरं. पण त्या दिवशी हातात पडतो तो बहुतेक वेळा अ‍ॅप कंपनीचा पैसा असतो. मालकाने अजून पगार सोडलेलाच नसतो. कंपनी आपले पैसे पुढे करते आणि पगाराच्या दिवशी पगारातून किंवा थेट बँक खात्यातून कापून घेते. उचल म्हणजे बहुधा व्हायच्या कामाचे पैसे. इथे काम होऊन गेलेलं असतं. कंपन्यांचा सगळा युक्तिवाद याच फरकावर उभा आहे, आणि तो पोकळ नाही. पैसे परत आले नाहीत तर त्या सहसा कोर्टात जात नाहीत, वसुलीची माणसं पाठवत नाहीत.

खरी गोम शुल्कात आहे. अमेरिकेतलं उदाहरण घ्या: १०० डॉलर घेतले, 'लगेच हवेत' म्हणून ३ डॉलर भरले आणि १० दिवसांनी रक्कम कापली गेली, तर वर्षाच्या हिशेबाने तो दर १०९.५ टक्के होतो. कंपन्या म्हणतात, तीन डॉलरला वार्षिक दर लावणं हास्यास्पद आहे. एकदाच घेणाऱ्यासाठी मलाही ते पटतं. पण एकदाच घेणारे किती? अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने मालकांमार्फत चालणाऱ्या सेवांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सरासरी व्यवहार १०६ डॉलरचा निघाला आणि सरासरी कामगाराने वर्षात २७ वेळा पैसे घेतले होते. (सरासरी दरही नेमका १०९.५ टक्के!)

२७ वेळा का, हे पगारपत्रक करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या वेळी शंभर आधी घेतले की पुढचा पगार शंभराने कमी येतो. खर्च तेवढेच असतात, म्हणून खड्डा बुजवायला पुन्हा शंभर. अडचण संपत नाही, नुसती पंधरा दिवस पुढे सरकते आणि प्रत्येक वेळी तीन डॉलर घेऊन जाते. महिनोन् महिने तीच नावं, तीच कपात मी पाहिली आहे.

आता नियमांचं. याच ब्युरोने २०२० मध्ये सांगितलं होतं की कामगाराकडून काहीच शुल्क न घेणारी, मालकामार्फतची सेवा कर्जात मोडत नाही. जुलै २०२४ मध्ये त्याने मसुदा काढला की पगाराआधी दिलेला असा पैसा म्हणजे ग्राहक कर्जच आहे. पुढे सरकार बदललं आणि मसुदा बारगळला. दरम्यान राज्यांनी आपापली वाट धरली. नेवाडाने २०२३ मध्ये परवान्याचा कायदा केला: कर्ज म्हणायचं नाही, पण एक तरी फुकटचा पर्याय द्यायचा, आणि ठरल्या तारखेआधी किंवा चुकीची रक्कम कापल्यामुळे बँकेने दंड लावला तर तो कंपनीने भरून द्यायचा. कॅलिफोर्नियाच्या २०२५ पासूनच्या नियमांत मात्र हे कर्ज धरलं जातं आणि अ‍ॅप मागतं ती 'ऐच्छिक' टिपसुद्धा शुल्कात मोजली जाते.

त्या टिपबद्दल माझं मत कडवट आहे. हॉटेलात वेटरला टिप देतो ते कळतं; अ‍ॅपला कसली टिप? बरेचदा रक्कम आधीच भरून ठेवलेली असते आणि शून्य करायला पुन्हा पुन्हा बोट लावावं लागतं. त्याला ऐच्छिक म्हणणं ही थट्टा आहे.

म्हणून 'कर्ज की नाही' या नावाच्या भांडणात मला फारसा रस नाही. शुल्क मालक भरत असेल तर नियम सैल असले तरी चालतील. कामगाराच्या खिशातून जात असेल, तर टिपसकट एकूण खर्च रुपया-डॉलरमध्ये, घेण्याआधी, मोठ्या अक्षरात दिसायलाच हवा, आणि वर्षात आजवर किती भरले तेही. फार कडक नियम लावले तर या कंपन्या निघून जातील आणि माणूस थेट महागड्या अल्पमुदतीच्या कर्जाकडे वळेल, ही भीती मी मोडीत काढत नाही. त्या कर्जावर दोन आठवड्यांना शंभरामागे साधारण १५ डॉलर लागतात.

तुम्ही स्वतः असं अ‍ॅप वापरणार असाल, तर एक-दोन दिवस थांबून मिळणारा फुकटचा पर्याय शोधा. तो असतो, पण बहुधा 'लगेच मिळवा'च्या मोठ्या बटणाखाली, फिकट अक्षरात.