हॉटेलात वेगळा सेफ्टी ऑफिसर कशासाठी लागतो?

तुम्ही विचारले आहे की, हॉटेलात शेफ, हाउसकीपिंगचे प्रमुख आणि देखभाल विभाग असताना कर्मचाऱ्यांसमोरचे धोके कमी करण्यासाठी वेगळा सेफ्टी ऑफिसर नेमका काय करतो, आणि तेच काम या प्रमुखांकडे का सोपवू नये. मी याच क्षेत्रात काम करतो. माझ्या अनुभवात बहुतेक धोके दोन विभागांच्या सीमेवर असतात आणि त्या सीमेकडे लक्ष देणे कोणाच्याही नेमून दिलेल्या कामात येत नाही.

सर्वांत साधे उदाहरण घसरून पडण्याचे आहे. भांडी धुण्याच्या जागेतले पाणी बुटांना लागून दारापर्यंत येते आणि भरलेला ट्रे घेऊन निघालेला वेटर तिथे पडतो. सर्व्हिसचा प्रमुख त्याला जपून चालायला सांगतो, किचन फरशी पुसून घेते आणि काही दिवसांनी दुसरा कोणीतरी त्याच जागी पडतो. सेफ्टी ऑफिसरने पाणी कुठून येते याचा माग काढायचा असतो: फरशीचा उतार उलटा आहे का, जाळी तुंबते का, ओली भांडी निथळायला जागाच नाही का? धोका मुळातून काढून टाकणे, ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणणे, मग यंत्रणेत बदल करणे, त्यानंतर नियम व प्रशिक्षण आणि सर्वांत शेवटी हातमोजे व बूट, असा उपायांचा क्रम या क्षेत्रात सर्वमान्य आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यामुळे सगळा भार कर्मचाऱ्याच्या सावधपणावर पडतो.

किचनमधल्या आगीबाबत थोडे सविस्तर लिहितो. पेटलेल्या तेलावर पाणी ओतले की ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होते. पाण्याचे आकारमान वाफ होताना सुमारे 1700 पट वाढते आणि ती वाफ जळते तेल चहूकडे उडवते. म्हणून फ्रायरजवळ स्वयंपाकाच्या तेलासाठी बनवलेले वेट केमिकल अग्निशामक असावे लागते. त्यातला द्राव तेलावर साबणासारखा थर धरतो आणि तेलाला थंडही करतो. मात्र ते उपकरण फ्रायरच्या मागे टांगलेले असेल, तर ते घेण्यासाठी ज्वाळांवरून हात न्यावा लागेल. त्याची जागा बाहेर पडण्याच्या वाटेवरच हवी, आणि गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे भांडी घासणाऱ्यालाही ठाऊक हवे. एक्झॉस्टचे फिल्टर किचनचे कर्मचारी धुतात, पण त्यापुढच्या डक्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, साचलेली चरबी कोणी काढायची हे अनेकदा ठरलेलेच नसते आणि ज्वाळा तिथे पोहोचली की आग डक्टमधून वर चढते. लास व्हेगासमधल्या एमजीएम ग्रँड हॉटेलात 21 नोव्हेंबर 1980 रोजी तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये, एका शीतकपाटाच्या वायरिंगमधील बिघाडातून आग लागली आणि 85 माणसे गेली. त्यांतली बहुतेक वरच्या मजल्यांवर धुराने गेली, कारण जिने, लिफ्टचे मार्ग आणि वातानुकूलन यंत्रणा यांतून धूर वर पसरला.

एका विभागाची सोय दुसऱ्याचा धोका ठरते, तेव्हा हे पद विशेष उपयोगी पडते. 1976 मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात जमलेल्या लोकांमध्ये पसरलेल्या न्यूमोनियामुळे लिजिओनेला हा जिवाणू जगाला कळला. तो साधारण 20 ते 45 अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून गरम पाणी 60 अंशांवर साठवावे लागते. पण तेच पाणी थेट नळाला आले तर हात भाजतो. त्यामुळे साठवण गरम ठेवून नळाजवळ गरम पाण्यात थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवणे आणि बंद राहिलेल्या खोल्यांतील नळ ठरावीक दिवसांनी वाहू देणे, या दोन्ही गोष्टी एकत्र बघणारा कोणीतरी लागतो.

हाउसकीपिंगचा त्रास मात्र सहसा दिसत नाही. जड गाद्या उचलून चादरी खोचणे, वाकून बाथटब घासणे आणि भरलेली ट्रॉली गालिच्यावरून ढकलणे यांनी कंबर व खांदे हळूहळू निकामी होतात आणि अपघाताच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद कधीच होत नाही. गादी निवडताना पाहुण्याच्या झोपेचा विचार होतो, पण ती रोज उचलणाऱ्या बाईचा होत नाही. म्हणून खरेदीच्या बैठकीत सेफ्टी ऑफिसर असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ब्लीच आणि टॉयलेटसाठीचे ॲसिड मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो. सूचना चिकटवण्यापेक्षा यांपैकी एक वस्तू खरेदीच्या यादीतून काढणे जास्त परिणामकारक असते. बंद खोलीत एकटीने काम करणाऱ्या कर्मचारी स्त्रीला मदत मागण्यासाठी बटण देणे हाही याच कामाचा भाग आहे.

हे सगळे समजण्यासाठी थोडक्यात टळलेल्या घटना सेफ्टी ऑफिसरपर्यंत पोहोचाव्या लागतात. ‘इतके दिवस अपघात नाही’ असा फलक लावून त्यावर बक्षीस ठेवले की लोक भाजलेला हात लपवतात. नोंद करणाऱ्याला शिक्षा होत नाही आणि सांगितलेली गोष्ट दुरुस्त होते, हे दिसले तरच ते पुन्हा बोलतात. त्यासाठी या अधिकाऱ्याने थेट जनरल मॅनेजरला उत्तरदायी असावे आणि धोका दिसताच गर्दीच्या वेळीही फ्रायर बंद करण्याचा अधिकार त्याला लेखी मिळालेला असावा. शेफकडे हे काम न देण्याचे कारण इथेच आहे: ऑर्डर वेळेवर काढण्याची आणि किचन थांबवण्याची जबाबदारी एकाच माणसावर टाकणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. लहान हॉटेलला स्वतंत्र पद परवडत नसेल, तर किचनबाहेरच्या एखाद्या अनुभवी व्यक्तीला हे काम द्यावे, पण तेव्हाही हाच लेखी अधिकार द्यावा आणि पाहणीसाठी तिच्या शिफ्टमधले काही तास मोकळे ठेवावेत.