मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाच महिने झाले, तरी डोळा पुन्हा पुन्हा लाल होतो. इतक्या उशिरा जंतुसंसर्ग होतो का?

होतो. बहुतेक वेळा त्यामागे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस असतो, म्हणजे आपल्याच कातडीवरचा मुरुमांचा जंतू. ऑपरेशनच्या वेळी आत शिरून तो कृत्रिम भिंगाच्या पिशवीत दडून बसतो. त्याला घाई अजिबात नसते. स्टिरॉइडचे थेंब घातले की डोळा निवळतो, बंद केले की पुन्हा लाल. इथेच भलेभले फसतात. पिशवीवर पांढरट थर दिसला तर संशय बळावतो. डोळ्याच्या आतून घेतलेला नमुना लॅबमध्ये 10-14 दिवस ठेवायला सांगावं लागतं, नाहीतर ‘काही उगवलं नाही’ असा रिपोर्ट हातात येतो. नुसत्या थेंबांनी हा सहसा जात नाही. डोळ्यात व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन, शस्त्रक्रिया, कधी भिंगही काढावं लागतं. रेटिनाच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. नजर अचानक कमी झाली तर त्याच दिवशी.