जुन्या जेबीएल २४२० चा डायफ्रॅम घरी बदलता येतो का? आणि टायटॅनियमचा टाकावा का?

येतो. २४२० म्हणजे हॉर्नच्या मागे बसणारं, वरचे सूर काढणारं जेबीएलचं स्पीकर युनिट, आणि डायफ्रॅम म्हणजे त्यातला थरथरून आवाज काढणारा पातळ धातूचा घुमट. पण स्क्रू ड्रायव्हरच्या आधी मल्टीमीटर हातात घ्या. तुम्ही लिहिलंय की जुन्या बाजारातून घेतलेल्या जोडीतलं एक युनिट मुकं आहे, दुसरं खरखरतंय, आणि दोन्हींना टायटॅनियमचा डायफ्रॅम टाकायचा विचार आहे. माझा अंदाज, यातलं खरखरणारं मुळात ठणठणीत असणार.

मी मंडपवाल्यांची आणि डीजेवाल्यांची युनिटं दुरुस्त करतो. गणपती उठले की दुकानात जळक्या कॉइलींचा, म्हणजे डायफ्रॅमला चिकटलेल्या तारेच्या गुंडाळ्यांचा, ढीग लागतो. ती बहुतेक फेराइट मॅग्नेटची, हल्लीची. तुमच्यासारखी अल्निकोच्या (जुन्या पद्धतीच्या मिश्रधातूच्या) मॅग्नेटची जोडी वर्षाकाठी एखादी येते आणि आली की त्या दिवशी बाकीची कामं मागे पडतात.

टर्मिनलला मीटर लावा. १६ ओहमच्या युनिटला साधारण ९ ते १२ आणि ८ ओहमच्याला साडेचार ते सहाच्या आसपास रीडिंग यावं. खरखरणाऱ्याचं रीडिंग बरोबर आलं तर त्याची कॉइल शाबूत आहे. मुक्याचं काहीच आलं नाही तरी लगेच पैसे काढू नका, आधी मागचं झाकण उघडून टर्मिनलपासून डायफ्रॅमपर्यंतच्या वायरी बघा. तिथलंच कनेक्शन सुटलेलं असेल तर काम फुकटात झालं. पण कॉइलमधून बाहेर येणारी बारीक पट्टीच तुटली असेल तर डाग द्यायच्या भानगडीत पडू नका. यातली कॉइल ॲल्युमिनियमच्या चपट्या तारेची, कडेवर उभी गुंडाळलेली असते आणि ॲल्युमिनियमवर आपलं नेहमीचं सोल्डर धरत नाही.

झाकण उघडताना युनिट असं धरा की आतला भुगा डायफ्रॅमवर न पडता खाली पडेल. झाकणाच्या आत आवाज शोषायला फोम चिकटवलेला असतो. चाळीस-पन्नास वर्षांत तो कुजतो, कधी काकवीसारखा चिकट होतो, कधी नाचणीच्या पिठासारखा सुटा. तो घुमटावर आणि कडेच्या लवचीक भागावर सांडला की युनिट खरखरायला लागतं, आणि मालक म्हणतो कॉइल घासतेय. मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडून, जुना फोम खरवडून नवा लावला की निम्मी युनिटं बोलायला लागतात. तुमच्या दुसऱ्या युनिटवर मला हाच संशय आहे.

बरेच जण हॉर्नच्या बाजूने, तोंडातून टॉर्च मारून डायफ्रॅम शोधतात. तो तिथे दिसणारच नाही. तो मागे, झाकणाखाली असतो. त्याच्या पोटाशी फेझ प्लग, म्हणजे फटी पाडलेला ठोकळा, त्या प्लगच्या फटींतून आवाज मॅग्नेटच्या मधल्या बोगद्यात येतो आणि एक इंची तोंडातून हॉर्नमध्ये जातो. डायफ्रॅम आणि प्लग यांच्यात मिलीमीटरच्या आतबाहेरचंच अंतर असतं. म्हणून खालचे सूर जास्त सोडले की डायफ्रॅम प्लगवर आपटून फाटतो.

आता बदलायचाच झाला तर. टेबलावरून लोखंडी सगळं दूर करा, अगदी टाचणीसुद्धा. सुरुवातीच्या काळात माझ्या हातातला स्टीलचा स्क्रू ड्रायव्हर मॅग्नेटने ओढून घेतला होता, आणि तो थेट घुमटात. दुसऱ्याचा माल होता. पदरचे पैसे भरले आणि त्याच आठवड्यात पितळी स्क्रू ड्रायव्हर घेतला. मॅग्नेटची जोडणी मात्र कधीच खोलू नका. अल्निकोचं चुंबकीय वर्तुळ उघडलं की त्याची ताकद उतरते आणि पुन्हा चार्ज करून घ्यावं लागतं. डायफ्रॅमचं कडं सोडून बाकी कशाला हात लावायची गरजच पडत नाही.

कडं सरळ वर उचला, तिरकं नको. मग गॅप, म्हणजे कॉइल जिच्यात हलते ती मॅग्नेटची गोल फट, साफ करा. व्हिजिटिंग कार्डाच्या पट्टीला दुतर्फा चिकटपट्टी लावून ती गॅपमध्ये पूर्ण गोल फिरवा, बाहेर काढून बघा, नवी लावा, पुन्हा फिरवा. पट्टी स्वच्छ येईपर्यंत. पहिल्या फेरीला काळा लोखंडी कीस इतका निघतो की बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. फुंकर मारून किंवा ब्लोअरने तो निघत नाही, मॅग्नेट सोडतच नाही त्याला.

नवा डायफ्रॅम ठेवून स्क्रू नुसते टेकवा. आल्टेक या दुसऱ्या कंपनीच्या युनिटांत जागा धरायला पिना असतात, तिथे फारसं डोकं चालवावं लागत नाही. इथे मध्य तुम्हालाच शोधायचा आहे. युनिट हॉर्नला लावा, खालचे सूर अडवायला मध्ये कपॅसिटर टाका, मोबाइलच्या टोन जनरेटरवरून ॲम्प्लिफायरला सिग्नल द्या. आवाज बोलण्याइतकाच ठेवा. ५०० हर्ट्झपासून हळूहळू २००० पर्यंत जा. कॉइल कुठे घासत असेल तर शुद्ध सुराच्या खाली कागद फडफडल्यासारखी बारीक चिरचिर येते. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कड्याला अगदी हळू टिचक्या मारत राहा, चिरचिर गेली की थांबा. मग समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळत जा आणि दर फेरीला पुन्हा ऐका, कारण शेवटच्या आवळण्यात कडं सरकतं. याला कधी दहा मिनिटं लागतात, कधी दुपार जाते.

टायटॅनियमचं म्हणाल तर बसेल. २४२५ (जेबीएलचंच नंतरचं युनिट) चा टायटॅनियमचा डायफ्रॅम २४२० मध्ये लोक सर्रास टाकतात, आणि जेबीएलचा पार्ट नंबर वाचायलाही सोपा आहे: डी-८-आर-२४२५ म्हणजे ८ ओहमचा, डी-१६-आर-२४२५ म्हणजे १६ चा. टायटॅनियम चिवट आहे, मार खातो. मंडपात वाजवायचं असतं तर मी डोळे मिटून तोच टाकायला सांगितलं असतं. पण तो ॲल्युमिनियमपेक्षा जड धातू आहे आणि वरच्या सुरांत त्याचा एक स्वतःचा खणखणाट येतो. घरात सतार-बासरी ऐकणाऱ्याला तो खुपतो, निदान मला खुपतो. एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला टायटॅनियम हे तर करूच नका, गाणारी व्यक्ती मधोमध उभी राहणार नाही. खरखरणारं युनिट फोम साफ करून बरं झालं, तर मुक्यासाठी ॲल्युमिनियमचाच शोधा. जुना वापरलेला चालेल, फक्त कडेला भिंगातून बारीक तडे बघून घ्या.

बाजारात स्वस्त नकला भरपूर आहेत. मला एका दुकानदाराने सीलबंद डबीत दिलेल्या एका नगाची कॉइल साध्या गोल तारेची निघाली, आणि घुमटाची उंचीही वेगळी. तो बसला, वाजलाही, पण वरचे सूर गायब. घुमट प्लगपासून लांब राहिला की असंच होतं. घेताना भिंग घेऊन जा आणि तार चपटी आहे का बघा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमची युनिटं १६ ओहमची असतील आणि हाताला ८ चा लागला, तर क्रॉसओव्हरही, म्हणजे कुठले सूर कुठल्या स्पीकरला जायचे ते वाटणारं सर्किटही, बदलावं लागतं. समजा हॉर्नला १२ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर आहे. १६ ओहमला तो साधारण ८३० हर्ट्झला कापतो, ८ ओहमला १६६० ला. मध्ये एक अख्खं सप्तक पोकळ. कपॅसिटर दुप्पट, २४ चा, टाकला की पुन्हा जागेवर येतं.

आणि जुन्या जेबीएलची लाल-काळी खूण इतरांच्या उलट असते. दुसऱ्या कंपनीचा डायफ्रॅम टाकलात तर ती सुलट होऊन बसू शकते, म्हणजे एक हॉर्न पुढे ढकलतोय आणि दुसरा मागे खेचतोय. दोन्ही हॉर्न शेजारी ठेवून एकच मोनो आवाज सोडा. एकाच्या वायरी उलटवल्यावर आवाज भरीव झाला, तर आधीचं चुकलेलं होतं.

आज संध्याकाळी दोन्हींचं मीटर रीडिंग घ्या आणि मुक्याचं झाकण उघडून आतल्या वायरींचा फोटो काढा. ते बघून मग डायफ्रॅम लागतोय की नाही ते सांगतो.