किंमत भागिले तास: ह्या हिशेबाने गेम निवडू नकोस

भिया, तुझा प्रश्न थोडक्यात असा. पहिल्या पगारातून सिल्व्हर मॉलमधून जुना पीसी उचललास. १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, साठवणीला २४० जीबीची एसएसडी. रात्री जेवणं आटोपल्यावर तास-दीड तास मिळतो. सेलमध्ये दोन-तीन गेम घ्यायचेत आणि यादी मात्र मारुतीच्या शेपटासारखी. निवडायची रीत तू स्वतःच सांगितलीस: किंमत भागिले तास. ज्याचा तासाचा भाव सगळ्यात कमी, तो गेम घ्यायचा.

रीत ऐकायला चोख आहे. पैसा वसूल झाला पाहिजे हे आपल्या इंदूरच्या पाण्यातच आहे. पण ह्या रीतीने तुझ्या यादीत पहिला नंबर 'असॅसिन्स क्रीड वल्हाला'चा लागतो, आणि मला तिथेच शंका येते.

'वल्हाला' २०२० चा. नॉर्वेतून इंग्लंडात उतरलेल्या व्हायकिंगांची गोष्ट. दिसायला देखणा, त्यात वाद नाही, आणि पहिले आठ-दहा तास मजेत जातात. मुख्य कथा संपवायलाच पन्नास-साठ तास लागतात, सगळा नकाशा साफ करायचा म्हटलं तर शंभराच्या पुढे. पण ते तास कशाचे, ते बघ. वस्तीत यायचं, तिथला कारभार बघणाऱ्या रँडवीच्या टेबलावरचा नकाशा बघायचा, एक परगणा निवडायचा, तिथल्या सरदाराचं भांडण मिटवायचं, एका गढीवर चालून जायचं, परत येऊन रँडवीला 'झालं काम' म्हणून कळवायचं. की पुढचा परगणा. तेच. मध्ये नकाशावर सोनेरी ठिपका दिसला म्हणून घोडा वळवावा, तर घराच्या दाराला आतून अडसर. मग घराला प्रदक्षिणा घाला, खिडकी शोधा, नेम धरून बाणाने अडसर फोडा, आत जा. आत काय, तर हत्यार सुधारायला लागणारी धातूची एक लगड. पहिल्यांदा गंमत वाटते. पुढे पुढे अडसर दिसला की मी घोडा तसाच पुढे काढायचो.

तुझ्या भागाकारात हा गेम स्वस्त. रात्रीचा एकच तास हाताशी असलेल्या माणसाला तो फार महाग पडतो.

आता दुसरं टोक. तुझ्या यादीत सगळ्यात खाली 'वेन्बा' आहे, समोर तूच लिहिलंयस, 'फक्त दीड तास, लूट आहे.' २०२३ चा गेम, कॅनडात टोरांटोच्या छोट्याशा चमूने केलेला, २०२४ मध्ये पदार्पणाच्या गेमचं 'बाफ्टा' हे ब्रिटिश पारितोषिक मिळालेला. १९८० च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडात गेलेलं जोडपं, त्यांचा तिथेच जन्मलेला मुलगा कविन, आणि वेन्बाला, म्हणजे कविनच्या आईला, तिच्या आईकडून आलेली पाककृतींची फाटकी वही. वहीत पानं गळालेली, शाई पुसलेली. राहिलेली कृती आपण अंदाजाने पुरी करायची. पहिलंच कोडं इडलीचं. पात्रात थाळ्या एकावर एक रचायच्या असतात आणि वरची इडली खालच्या इडलीच्या बरोब्बर डोक्यावर आली की वाफ अडते. थाळी थोडी फिरवून बसवायची. मी माउस धरून विचार करत होतो, तर मागून जाता जाता आमच्या आईने सांगितलं, 'अरे, फिरव ना ती.' एवढंच बोलून ती थांबली असती तर ठीक, पण ती खुर्ची ओढून बसली आणि उठली ती गेम संपल्यावर.

गेम म्हणून त्यात आव्हान फार नाही. बटणं दाबायची, वाचायचं, हलवायचं. शेवटाकडे तर खेळण्यापेक्षा बघणंच जास्त आहे, आणि दोन पदार्थ अजून हवे होते असं मला वाटलं. पण कविन मोठा होतो, घरातल्या भाषेची त्याला लाज वाटायला लागते, आई तमिळमध्ये बोलते आणि तो इंग्रजीत उत्तर देतो, ते आपल्याला नवीन आहे का? इंदूरच्या रामबागेत, लोकमान्यनगरात किती घरं दाखवू, जिथे आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. आणि दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटेनासं झालेलं असतं. पुण्या-मुंबईच्या खेळाडूला हा गेम गोड वाटेल. आपल्या मनाला तो लागतो. तासाचा भाव काढलास तर तुझ्या यादीत हाच सगळ्यात महाग, आणि माझ्या मते सगळ्यात आधी घेण्यासारखाही हाच.

ह्याचा अर्थ मोठे गेम वाईट असा नाही. 'रेड डेड रिडेम्प्शन २' घे. तोही पन्नास तासांचाच. २०१८ चा, पीसीवर २०१९ मध्ये आला. त्याची सुरुवात बर्फात होते आणि ती इतकी संथ आहे की बरेच लोक तिथेच सोडतात. बर्फातून बाहेर पडेपर्यंत दम धर. त्यात घोड्याला खरारा करावा लागतो, खायला घालावं लागतं, मारलेलं जनावर सोलून खोगिराच्या मागे टाकून गावापर्यंत न्यावं लागतं, बंदूक पुसावी लागते. कागदावर हे 'वल्हाला'पेक्षाही रटाळ दिसेल. पण आर्थर मॉर्गन, म्हणजे आपण खेळतो तो दरोडेखोर, हा माणूसच तसा आहे, हळू चालणारा, आणि टोळीच्या मुक्कामावर संध्याकाळी कोण कोणाशी काय बोलतंय ते ऐकत नुसतं शेकोटीशी बसलास तरी तास कारणी लागतो. तिथे संथपणा मुद्दाम आहे आणि त्यामागे माणूस आहे. दोष सांगायचा तर मोहिमांचा: बाहेर सगळं जग मोकळं, पण मोहीम सुरू झाली की आखलेल्या रेषेवरून जरा बाजूला पाऊल पडलं की 'मोहीम फसली'. एवढं मोठं मैदान देऊन वर दोरी बांधलेली. तरीही घे. तुझ्या कार्डावर मध्यम सेटिंगवर बऱ्यापैकी चालेल. फक्त १५० जीबी जागा मागतो, म्हणजे तुझी एसएसडी जवळजवळ संपलीच.

'सायबरपंक २०७७'बद्दल सगळे सांगतात की आता एकदम मस्त झालाय. झालाय, मान्य. १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अशी दैना होती की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, आणि २०२१ च्या जूनमध्ये परत घेतला. २०२३ च्या सप्टेंबरातल्या २.० अपडेटने पोलीस, कौशल्यं, बरंचसं काही नव्याने बांधलं, आणि त्याच महिन्यात 'फँटम लिबर्टी' ही विकतची भर आली. त्यातली हेरगिरीची गोष्ट मूळ गेमपेक्षा जास्त घट्ट आहे. मूळ गेममधली जूडी, पॅनम ही माणसं लक्षात राहतात. पण 'बघा कसं पुनरागमन केलं' हे कौतुक मला पचत नाही. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजलेल्यांनी फुकटात तपासनिसाची नोकरी केली, त्यांचं काय? असो, तुझा प्रश्न तो नाही. तुझा प्रश्न कार्डाचा आहे. २.० नंतर त्यांनी किमान गरज वाढवून जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड, १२ जीबी रॅम आणि एसएसडी अशी केली. तुझं १६५० साधारण ४ जीबीचं असणार, म्हणजे उंबरठ्याच्या बाहेरच. सगळं खाली ओढून चालेलही, पण भविष्यातल्या ज्या शहराच्या झगमगाटासाठी तो खेळायचा तो झगमगाटच दिसणार नाही. नवीन कार्ड येईपर्यंत थांब.

'राजी' पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा, २०२० चा. सर्कशीत काम करणारी मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते, आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, वरून बघत, एकमेकांशी बोलत. वाडे, छत्र्या, बावड्या राजस्थानी धाटणीच्या, भिंतींवर चित्रं, मध्येच रंगीत वर्तुळं फिरवून जुळवायची कोडी. बघत राहावं असा आहे. खांबाला विळखा घालून गरकन फिरत खाली त्रिशूळ मारणं तर निव्वळ सुंदर. पण आपल्याकडचा म्हणून सूट द्यायची का? मी देत नाही. मारामारी जड आहे, बटण दाबल्यापासून राजी हलेपर्यंत एक ठेका चुकतो, आणि गर्दी झाली की कॅमेरा दूर राहून आपलीच मुलगी सापडत नाही. पाच-सहा तासांत संपतो त्याबद्दल तक्रार नाही. गोष्ट अर्ध्यावर सोडून संपतो त्याबद्दल आहे. सेलमध्ये जरूर घे, पण सणासुदीला घरच्यांना दाखवायला. रोज रात्री ओढ लावणारा तो गेम नाही.

'हिटमन २' यादीत कोणीतरी मुंबईसाठी सुचवला असणार. भाडोत्री मारेकरी बनून खेळायचा हा गेम २०१८ चा, आता तो 'वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन' ह्या मोठ्या गाठोड्यात मिळतो. मुंबईच्या पातळीवर तीन सावजं, त्यातल्या एकाचं नाव ऐकून मी खुर्चीत हसलो: वझीर काळे! कुठल्या काळ्यांकडचा, कोण जाणे. पण काम अस्सल आहे. हा काळे दिसतो कसा हे सुरुवातीला कोणालाच ठाऊक नाही, गर्दीत त्याला आधी ओळखावं लागतं, आणि मग न्हावी बनून त्याची दाढी करायची संधी मिळते. वस्तरा तुझ्या हातात, मान त्याची. दुसरीकडे अर्धवट बांधलेल्या टॉवरात सिनेमाचं शूटिंग चाललंय आणि दुसरा एक मारेकरीही दबा धरून बसलाय. जरा चलाखी केलीस तर तुझी दोन सावजं तोच टिपून देतो. एकच नकाशा पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळ्या रस्त्याने. तासाभराच्या बैठकीला ह्याच्याइतका बेतलेला गेम तुझ्या यादीत दुसरा नाही. खोट एकच, पण मोठी: तुझी प्रगती नोंदायला इंटरनेट सतत लागतं. उन्हाळ्यात संध्याकाळी लाईट डोळे मिचकावते तेव्हा पीसी यूपीएसवर तग धरतो, पण वायफायचा डबा बंद पडला की बसा. राउटरही यूपीएसला जोड.

'जीटीए ट्रिलॉजी'चं नाव बघून कळलं की तूही व्हाइस सिटीच्या आठवणींवर वाढलायस. सोड. २०२१ च्या नोव्हेंबरात जुन्या तीन गेमांची ही नव्याने चकचकीत केलेली 'डेफिनिटिव्ह' आवृत्ती आली तेव्हा पावसाच्या रेघांतून रस्ता दिसत नव्हता, माणसांचे चेहरे मेणाचे, आणि रॉकस्टार कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. त्यातल्या 'सॅन अँड्रियास' ह्या गेममध्ये 'टफ नट डोनट्स' नावाचं दुकान आहे, त्याच्या पाटीवर षटकोनी लोखंडी नट होता, म्हणजे नट आणि डोनट अशी कोटी. सगळं गुळगुळीत करणाऱ्या यंत्राने त्या नटाचे कोपरेच घासून टाकले आणि कोटी गेली. कोणीतरी डोळ्यांनी बघितलं असतं तर हे झालं नसतं. २०२४ च्या अपडेटने जुना उजेड परत आणला, बरंच सावरलं. तरी आठवणींपायी पूर्ण किंमत मोजू नकोस.

क्रिकेटचं पटकन सांगतो. 'क्रिकेट २४' मध्ये फलंदाजी चांगली, क्षेत्ररक्षक कधीकधी झोपेत, आणि भारतीय संघाचा परवाना नसल्याने खरे खेळाडू इतर हौशी लोकांनी बनवलेले उतरवून घ्यावे लागतात. 'क्रिकेट ०७' आजही कुठल्याही डब्यावर पळतो, समालोचनाला रिची बेनोंचा आवाज आहे, आणि हौशी लोक अजून त्यात नवे कपडे नि नवे चेहरे भरत असतात. मित्र आले की तोच लावतो आम्ही.

'हॉलो नाइट' उत्तम आहे, आणि सध्या तुझ्यासाठी नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोन-चार जणांनी २०१७ मध्ये केलेला, किंमत किरकोळ, तास भरपूर, म्हणजे तुझ्या सूत्रात तोही वर येणार. पण त्यात वाट हरवायची असते. नवीन भागात शिरलास की नकाशा नसतो. कुठून तरी गुणगुणणं ऐकू येतं, जमिनीवर कागदाचे कपटे दिसतात, त्यांच्या मागावर गेलास की नकाशा विकणारा कॉर्निफर भेटतो. हे लागोपाठ तीन-चार तास बसणाऱ्याला स्वर्ग. तू मध्ये दोन दिवस सोडलेस तर कुठे होतास तेच आठवणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत घे.

तर ह्या सेलला 'वेन्बा', 'हिटमन' आणि पैसे उरले तर 'रेड डेड'. स्टीम ह्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. 'रेड डेड'ला ती सवलत वापरून कार्डावर कसा चालतो ते बघून घे. 'वेन्बा' दोन तासांच्या आतच संपतो, तो पुरा खेळून परत करायचा विचार मनात आला असेल तर काढून टाक.

कार्ड बदलायची घाई करू नकोस. १६५० ची बरीचशी मॉडेलं मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतात, त्यामुळे जुन्या पीसीत विकणारे बहुतेकदा तेच बसवतात आणि पीसीला वीज पुरवणारा सप्लाय हलका ठेवतात. मोठ्या कार्डाला वेगळी सहा किंवा आठ पिनांची तार लागते, ती तुझ्या सप्लायला आहे की नाही ते आधी कळायला हवं. पीसी बंद करून, प्लग काढून बाजूचं झाकण उघड, सप्लायवरच्या लेबलाचा फोटो टाक, मग कोणतं कार्ड झेपेल ते सांगतो.